नाकाचा पडदा सरळ झाला, मग शिंका का थांबत नाहीत?

जुलै महिना. रत्नागिरीतला एक दवाखाना. डॉक्टर स्टीलची थंडगार पट्टी एका तरुणाच्या नाकाखाली आडवी धरतात. "सोड श्वास." पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटतात. उजवीकडचा चांगला मोठा, डावीकडचा जेमतेम.

"नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाक," असं त्याला घरी सगळ्यांनी सांगितलंय. प्रत्यक्षात दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे कललाय. हा पडदा पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. तो नाकाच्या आतूनच छेद घेऊन सरळ करतात, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. नुसता पडदाच वाकडा असेल, तर बहुतेकांना श्वासातला फरक चांगला जाणवतो.

पण डॉक्टर आत उजेड टाकतात, तेव्हा अस्तर फिकट, निळसर आणि सुजलेलं दिसतं. पाण्यासारखा स्राव. अ‍ॅलर्जीची शंका इथेच येते. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या असतात. अ‍ॅलर्जीत त्या फुगतात, आणि पडदा सरळ केला तरी फुगतच राहतात.

कोकणातल्या पावसाळ्यात तर कारण अंथरुणातच असू शकतं. भिंतींना ओल, कपाटामागे बुरशी, गाद्या-गोधड्यांना आठवडेच्या आठवडे ऊन नाही. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, म्हणजे माइट्स, अशा दमटपणात फोफावतात.

मग अ‍ॅलर्जीवाल्यांनी ऑपरेशन करूच नये? तसं मुळीच नाही. काही अभ्यासांत त्यांचं समाधान कमी दिसलं, तर काहींत अ‍ॅलर्जी असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांना जवळपास सारखाच फायदा झाला. ऑपरेशनचा फायदा मोजायला 2004 सालची 'नोज' प्रश्नावली बरीच वापरतात. प्रश्न 5, गुण 0 ते 100. त्यात नाक चोंदणं, श्वास, झोप, व्यायामात पुरेशी हवा मिळणं हे विचारतात. शिंका आणि खाज मात्र विचारतच नाहीत. म्हणजे गुण सुधारले तरी पेशंट शिंकतच घरी जाऊ शकतो! हे त्याला आधीच सांगायला हवं. अ‍ॅलर्जीची तपासणी आणि उपचारही ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच सुरू व्हायला हवेत.

डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे ऑपरेशननंतरही लागू शकतो. तो उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारावा, डावीकडे उजव्या हाताने. रोख डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. फवारा पुन्हापुन्हा पडद्यावर बसला तर रक्त येऊ शकतं.