चक्क्याखालचं पाणी

पाडवा पुढच्या आठवड्यावर आलाय. दांडिया बाजारात नि रावपुऱ्यात तयार श्रीखंड मिळतं, पण पाडव्याचा चक्का घरीच बांधायचा, असं अजून मानणारी घरं आपल्या बडोद्यात आहेत. रात्री दही फडक्यात टांगायचं, सकाळी चक्का काढून घ्यायचा आणि खालच्या पातेल्यातलं पाणी मोरीत ओतायचं. आज मी ते पाणीच घेऊन आले आहे.

हा पेला उजेडात धरते. पिवळट पाणी, त्यात हिरवी झाक. आता जरा दिवे घालवा. नोटा तपासायचा हा जांभळा दिवा त्यावर धरला की बघा कसं पोपटी उजळतं! ती चमक रिबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची. ते पाण्यात विरघळतं, म्हणून दही टांगलं की त्याचा मोठा वाटा चक्क्यात न राहता खाली उतरतो.

ब्लाइथ नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८७९ साली दुधाच्या निवळीतूनच हा पिवळा पदार्थ वेगळा केला होता. तो शरीराला लागतो, हे कळायला मात्र पुढची पन्नासएक वर्षं गेली. नावातला 'फ्लेविन' लॅटिनमधल्या 'पिवळा' या शब्दावरून आलाय.

शरीरात ते करतं काय? अन्नातली ऊर्जा पेशी एका झटक्यात काढत नाहीत. विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून घागरी हातोहात पुढे देतात, तसे पेशीत इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. रिबोफ्लेविनपासून शरीर दोन सहविकरं, म्हणजे विकरांना (एन्झाइमांना) कामात साथ देणारे रेणू, बनवतं आणि ती या रांगेत उभी असतात. ब-६ जीवनसत्त्व कामाला लागायलाही रिबोफ्लेविन हवं. म्हणून याची उणीव सहसा एकटी येत नाही. ओठांचे कोपरे फाटतात, जीभ लाल गुळगुळीत होते, घसा दुखतो. पण लोह किंवा ब-१२ कमी पडलं तरी तोंड असंच येतं, तेव्हा स्वतःच निदान करून गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी झाली म्हणून अनेकजणी घाबरून विचारतात. जास्तीचं रिबोफ्लेविन बाहेर पडतंय, एवढंच ते. शरीर याचा फार साठा करत नाही. रोज लागतं एक-दोन मिलिग्रॅम, पण ते रोज लागतं. दूध, दही, अंडी, बदाम, पालेभाज्या, मांस खाणाऱ्यांना कलेजी, यांतून ते मिळतं.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते उजेडाबद्दल. दूध उकळलं की त्यातला कस जातो, असं आपण ऐकत आलो. रिबोफ्लेविनपुरतं तरी ते खरं नाही, उकळी ते बऱ्यापैकी सोसतं. त्याला सोसत नाही ते ऊन. पारदर्शक बाटलीतलं दूध दोन तास उन्हात राहिलं, तर निम्म्याहून जास्त रिबोफ्लेविन नाहीसं होऊ शकतं आणि दुधाला एक वेगळाच वास येतो. काविळीमुळे नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, तेव्हा त्याच्या रक्तातलं रिबोफ्लेविनही त्या प्रकाशानं कमी होतं. प्रकाशाचा परिणाम इतका खोल जातो! तरी बाळासाठी ते उपचार आवश्यकच असतात, त्यात कुणी शंका घेऊ नये.

आपलं झाकणाचं स्टीलचं पातेलं म्हणूनच उत्तम. काचेच्या भांड्यात दूध खिडकीत ठेवू नका. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालायची सवय असेल तर तीही सोडा, सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि त्यात हे जीवनसत्त्व टिकत नाही.

माझी आजी चक्क्याचं पाणी कधी टाकत नसे. कणीक त्यातच भिजवायची, उरलं तर कढीत घालायची. तिला रिबोफ्लेविन हा शब्द माहीत नव्हता. पाडव्याच्या पुऱ्यांची कणीक या पाण्यात भिजवून बघा, मीठ मात्र बेतानं घाला, कारण पाणी आंबट असतं. हा पेला मी इथं टेबलावर ठेवते, ज्यांना चव घ्यायची त्यांनी पुढे यावं.