त्याच्याच पाण्यात शिजलेला भोपळा

नमस्कार श्रोतेहो.

दिवेलागण झाली आहे. कुणी नुकतंच कामावरून आलं असेल, कुणाचा कुकर लागला असेल, आणि पुष्कळ घरांत आत्ता एकच प्रश्न चालू असेल, रात्रीला काय करायचं? फारशी भूक नाही, पण उपाशी झोपायचंही नाही, अशा रात्रीसाठी आज मी तुम्हाला लाल भोपळ्याचं सूप सांगणार आहे.

आमच्याकडे ते सुरू झालं सासूबाईंमुळे. त्यांचे उरलेसुरले दात काढले होते आणि कवळी बसायला वेळ होता. रोज मऊ भात खाऊन त्यांना अगदी कंटाळा आला. मी विचारलं, "आई, आज सूप करू का?" तर म्हणाल्या, "नको गं, ते लग्नातलं सूप म्हणजे नुसती पिठाची पेज." त्यांचं बरोबरच होतं. कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेलं सूप जिभेवर गिळगिळीत लागतं आणि मूळ भाजीची चव त्यात हरवते. तेव्हा मी मनाशी ठरवलं, दाटपणा यायचा तो भोपळ्यातूनच.

आता बाजारात जाऊ. याची नावं गावोगाव वेगळी. कुठे तांबडा भोपळा, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ. विदर्भात कोहळं म्हणतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे डांगर. पुण्यात मात्र डांगर मागितलं तर उडदाच्या पापडाचं पीठ समोर येईल, तेव्हा जपून. भाजीवाल्याकडे बहुधा कापलेली फोड मिळते, आणि ते बरंच, कारण आतला रंग दिसतो. गर गडद केशरी हवा, बिया टपोऱ्या हव्यात, आणि कापलेल्या कडेला बुळबुळीतपणा नको. साल इतकी कडक हवी की नख रुतू नये. फिकट पिवळा, कोवळा भोपळा भाजीला चालतो, सुपाला नाही. त्यात पाणीच जास्त आणि गोडी कमी. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सगळाच्या सगळा टाकून द्या. भोपळ्याच्या कुळातल्या फळांत कधी कधी कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं, ते पोटाला बाधतं आणि शिजवल्यानं जात नाही. इथे मुळीच काटकसर करू नका.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. तिघांसाठी अर्धा किलो भोपळा, एक मध्यम कांदा, चार लसूणपाकळ्या, अर्धा इंच आलं. भोपळ्याची साल काढून पेराएवढ्या फोडी करा. बिया धुऊन ताटात पसरून ठेवा, त्यांचं पुढे काम आहे. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तूप घाला आणि कांदा, लसूण, आलं मऊ होईपर्यंत परता. तांबूस करायचं नाही. मग फोडी घाला आणि मीठ लगेच घाला. इतर वेळी आपण मीठ शेवटी घालतो, इथे आधी घालायचं, कारण मिठामुळे फोडींना पाणी सुटतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पातेल्यात पाणी घालायचं नाही. खोलगट झाकण ठेवायचं आणि पाणी त्या झाकणात ओतायचं. आपल्या आया-आज्या कितीतरी भाज्या अशाच शिजवत आल्या. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. गॅस मंद ठेवला की ते वाफ होऊन वर जातं, वरच्या पाण्यामुळे गार राहिलेल्या झाकणाला लागून त्याचे थेंब होतात आणि ते पुन्हा फोडींवर पडतात. म्हणजे भोपळा स्वतःच्याच पाण्यात शिजतो, करपत नाही आणि त्याचा कस बाहेर जात नाही. कुकरमध्ये पाणी घालून शिट्ट्या काढल्या तर काम लवकर होतं, मान्य आहे. पण ते सूप पांचट लागतं, आणि मग दाट करायला पीठ लावण्याची वेळ येते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. वीस मिनिटं जास्त गेली तरी झाकणावर पाणी ठेवूनच शिजवा. मधे एकदा उघडून हलवा, आणि अगदीच कोरडं वाटलं तर झाकणातलंच गरम पाणी चमचाभर आत सोडा.

भोपळा शिजतोय तोवर एक हकिगत सांगते.

आपण भोपळ्याला इतकं घरचं मानतो, पण मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखाच तोही मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबसाच्या सफरींनंतर जहाजांमधून तो जगभर गेला आणि आपल्याकडे आला. त्याच भागात, कॅरिबियन समुद्रात, हैती नावाचा देश आहे. तिथे फ्रेंचांची वसाहत होती, आणि उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. तिथले लोक सांगतात, की भोपळ्याचं सूप ही गुलाम माणसंच रांधत, पण ते मालकाच्या टेबलासाठी. त्यांना स्वतःला ते प्यायची मनाई होती. मग त्या गुलामांनी बंड केलं, वर्षानुवर्षं लढले, आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर 1 जानेवारीला तिथे घरोघरी हे सूप होतं. 'सूप जुमू' त्याचं नाव. त्यात मांस, कोबी, गाजर, बटाटा असं बरंच काही असतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून ते पितात. 2021 मध्ये युनेस्कोनं त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. हे कळल्यापासून भोपळा चिरताना मला दर वेळी ती माणसं आठवतात. रांधायचं आपण आणि चाखायचंही नाही, हे किती जिव्हारी लागलं असेल.

आता झाकण उचला. चमच्याच्या पाठीनं दाबल्यावर फोड विरघळली पाहिजे. इथे मी मिक्सर वापरत नाही. एकदा घाईत गरम भोपळा मिक्सरच्या भांड्यात घालून झाकण घट्ट दाबलं आणि बटण फिरवलं. आत वाफ कोंडली, झाकण उडालं आणि माझं मनगट भाजलं. लहान मूल जवळ असतं तर काय झालं असतं, या विचारानं आजही धस्स होतं. मिक्सरच वापरायचा असेल तर भोपळा पूर्ण गार होऊ द्या. नाहीतर सरळ रवी घ्या आणि घुसळा. चांगला शिजलेला भोपळा रवीनं अगदी एकजीव होतो, आणि मधेच एखादा बारीक कण दाताखाली आला तर तो मला आवडतोही.

नुसत्या भोपळ्यानं पोट भरत नाही, त्यात प्रथिनं फारच कमी. म्हणून कुकरमध्ये वरणाला लावलेली मुगाची डाळ घोटून दोन डाव यात घाला. मग दीड-दोन वाट्या कढत पाणी घालून तुम्हाला हवं तितकं सारखं करा आणि एक उकळी येऊ द्या. साय, क्रीम काही लागत नाही. कोकणातली मंडळी अर्धी वाटी नारळाचं दूध घालतील, तेही छान लागतं, पण मग उकळू नका, नाहीतर ते फुटेल.

शेवटी फोडणी. भोपळ्याच्या भाजीला आपण मेथ्यांची फोडणी का देतो? कारण मेथीचा कडसरपणा भोपळ्याची गोडी तोलतो. सुपालाही तेच. चमचाभर साजूक तुपात पाव चमचा मेथीदाणे बदामी होऊ द्या. काळे झाले तर फोडणी पुन्हा करा. मग हिंग आणि एक सुकी मिरची, आणि ही फोडणी वरून ओता. तूप वगळू नका. भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा, शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि स्निग्ध पदार्थ सोबत असला तरच ते नीट अंगी लागतं. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळा.

सकाळची ज्वारीची भाकरी उरली असेल तर तव्यावर मंद आचेवर कडक करा आणि मोडून सुपात टाका. त्या बिया तोवर निथळल्या असतील, त्या किंचित मीठ लावून कढईत भाजा. तडतडल्या की वरून घाला. सासूबाईंच्या वाटीत मी बिया घातल्या नव्हत्या, भाकरी मात्र भिजवून मऊ करून दिली होती. त्यांनी पहिला घोट घेतला, काही बोलल्या नाहीत, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "अजून डावभर वाढ."

सूप उरलं तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते घट्ट झालेलं असेल. त्यात मावेल तेवढी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि तिखट घालून भिजवा, वेगळं पाणी लागायचं नाही. थालीपीठ केशरी होतं, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतं.

नमस्कार.