स्टिरॉइडचे मलम: कुठे, किती आणि किती दिवस

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरचा उन्हाळा तापू लागला की त्वचारोगाच्या ओपीडीत खाजेने हैराण झालेल्यांची गर्दी वाढते, आणि त्यांतील अनेकांनी आमच्याकडे येण्यापूर्वीच औषधाच्या दुकानातून आणलेली एखादी ट्यूब वापरून पाहिलेली असते. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. या औषधाला मी वाईट म्हणणार नाही. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचे मलम इसबावर गुणकारी ठरते हे दाखवले, तेव्हापासून असंख्य रुग्णांना त्याने रात्रीची झोप परत दिली आहे. मात्र ते लालसरपणा, सूज आणि खाज शमवते. त्या खाजेचे कारण काय, हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी तपासणीच करावी लागते.

गांधीबागेतील कापडाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आपल्या आईला घेऊन आला होता. मे महिना होता आणि त्याने घट्ट जीन्स घातली होती. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना तरुण मुलांनी हा पोशाख का करावा, हे मला आजवर उमगलेले नाही. आपल्या हवेला सुती पायजमाच शोभतो, असे माझे स्पष्ट मत आहे. असो. त्याच्या जांघेत गजकर्ण झाले होते आणि ते पोटापर्यंत पसरले होते, पण नेहमीची गोल, उठावदार कडा पुसट झाल्यामुळे ते ओळखणे अवघड होते. आधी काय लावले, असे विचारताच त्याने पिशवी टेबलावर उपडी केली. तिच्यातून रिकाम्या ट्यूबांचा ढीग पडला, आणि त्यांतील काही तर त्याने आतले शेवटचे औषध निपटून काढण्यासाठी ब्लेडने उभ्या चिरलेल्या होत्या. भिंगातून पाहिल्यावर मागच्या बारीक अक्षरांत एकाच ट्यूबमध्ये बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोल, म्हणजे अतितीव्र गटातील स्टिरॉइड, अशी खिचडी आढळली. ही अक्षरे मुंगीएवढी का छापतात, हा प्रश्न कोणीतरी विधानसभेत विचारायला हवा.

"मॅडम, लावलं की दोन दिवसांत खाज बंद होते न," तो म्हणाला, "पण सोडलं की दुपटीने येते." त्याचे म्हणणे अगदी खरे होते. स्टिरॉइड खाज थांबवते, पण त्याचबरोबर बुरशीशी झगडणारी त्वचेची प्रतिकारशक्तीही मंदावते, त्यामुळे वरून शांत दिसणाऱ्या त्वचेत बुरशीला मोकळे रान मिळते. जांघेतील त्वचा मुळातच पातळ असते आणि घडीत दबलेले मलम अधिक शोषले जाते. त्यामुळे तेथे जांभळट पट्टे उमटले होते, जे पुढे फिकट होतात पण पुसले जात नाहीत. त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले.

ट्यूब बंद झाल्यावर काही दिवस खाज उसळेल, ती सोसून बुरशीचे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायचे आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, असे मी त्याला समजावत होते. तेवढ्यात त्याच्या आईने लुगडे किंचित वर करून घोटा दाखवला. तेथे तळहाताएवढा, जाड, काळवंडलेला, खाजवून खाजवून चामड्यासारखा झालेला इसबाचा चट्टा होता. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला स्टिरॉइडचेच मलम लिहून दिले होते, आणि ते बरोबर होते. तिची ट्यूब मात्र जवळजवळ भरलेली होती. "स्टिरॉइड आहे म्हणे ते, कातडं जळेल," म्हणून ती मोहरीएवढे मलम, तेही आठवण झाली तर, लावत होती. एकाच घरात ज्याला औषध नको होते त्याने ट्यूबा चिरल्या आणि जिला हवे होते तिने ते जपून ठेवले.

मी तिचे बोट पुढे घेतले आणि तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली. एवढे मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या, बोटांसह धरलेल्या, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तिच्या चट्ट्याला याच्या निम्मेच लागणार होते, पण ती म्हणाली, "एवढं?" पुन्हा सांगते: एका पेराएवढे मलम, दोन तळहातांएवढी जागा.

मलम सहसा दिवसातून एकदा, फार तर दोनदा, पातळ थरात आणि फक्त दाह असलेल्या जागेवर लावावे. कोरड्या त्वचेचे मॉइश्चरायझर दाह गेल्यावरही चालू ठेवावे, आणि दोन्ही लावताना मध्ये पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. क्लोबेटासोलसारखे तीव्र औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सलग दोन आठवड्यांपुढे नेऊ नये. चेहरा, पापण्या, काखा आणि जांघ यांवर तीव्र मलम स्वतःच्या मनाने लावू नये. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचा धोका असतो. बाळाच्या डायपरखाली तर मुळीच लावू नये, कारण बंद जागेत औषध कितीतरी जास्त शोषले जाते.

लग्नसराईत रंग उजळण्यासाठी मुली चेहऱ्यावर लावतात त्या काही क्रीममध्येही स्टिरॉइड असते. चेहरा प्रथम तुकतुकीत दिसतो, मग बारीक रक्तवाहिन्या, पुरळ आणि लव दिसू लागते, आणि क्रीम थांबवताच चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइडे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर ती सहज मिळतात हे आपण सारे जाणतो. असे क्रीम कित्येक महिने वापरले असेल, तर ते एकदम फेकून देऊन घरी त्रास सोसत बसू नका. ते कसे थांबवायचे हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, आणि त्यांच्याकडे जाताना ती ट्यूब, रिकामी असली तरी, बरोबर घेऊन जा.