फिरत्या भिंगातून शिगमो

नमस्कार श्रोतेहो,

पॅनोरमिक कॅमेरा, म्हणजे खूप रुंद दृश्य एकाच फोटोत टिपणारा कॅमेरा, म्हटलं की गोव्यात आधी मिरामारचा किनारा आठवतो. लांबच लांब वाळू, वर आभाळ, झाला फोटो! मी मात्र हा कॅमेरा हौसेने घेऊन जाते ती शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या गर्दीत.

फिल्मच्या या कॅमेऱ्यांत मुख्य दोन जाती. १९९८ साली आलेल्या हॅसलब्लाड एक्सपॅनचं भिंग जागेवर स्थिर असतं. वाइडलक्स किंवा रशियन होरायझनचं तसं नाही. शटर दाबलं की भिंगच एका कडेकडून दुसरीकडे फिरतं आणि मागे कमानीसारख्या वळवलेल्या फिल्मवर उभ्या फटीतून दृश्य सरकत सरकत उमटतं. वाइडलक्समध्ये सुमारे १४० अंश मावतात. म्हणजे फोटोची डावी कड आणि उजवी कड एकाच क्षणाची नसते!

खरी गंमत इथेच आहे. डिचोली-सत्तरीकडचा शिगम्यातला नाच, घोडेमोडणी घ्या. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार. नाचणारा भिंग फिरतं त्याच दिशेने धावला तर घोडा फोटोत लांबतो, उलट आला तर आखडतो. ढोलाचा ठेका ऐकत शटर दाबायचं, कुणाला लांबवायचं ते आपण ठरवायचं.

रेषाही अशाच वागतात. पणजी-रायबंदरच्या जुन्या सरळ रस्त्याची कड धनुष्यासारखी वाकते. उलट, ढोल-ताशेवाल्यांना अर्धगोलात उभं करून तुम्ही मधोमध राहिलात, तर सगळे सरळ रांगेत येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्खाच गोल फिरणाऱ्या सर्किट कॅमेऱ्याने मोठ्या जमावाचे लांबलचक फोटो काढत, तेव्हा माणसं अशीच कमानीत बसवत.

आणि कॅमेरा आडवाच धरायला हवा असं कुणी सांगितलं? मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभासमोर तो उभा धरून बघा. अगदी जवळून पायथ्याच्या फरशीपासून टोकापर्यंत सगळं येतं. स्तंभ नजरेच्या उंचीला फुगतो, वर निमुळता होत जातो.

बोटं मात्र मागे ठेवा, भिंग फिरताना ती हमखास फोटोत येतात. छत्तीसच्या रोलमध्ये साधारण २१ फोटो निघतात, तेव्हा फाल्गुनात निघताना ४०० आयएसओचे (कमी उजेडातही चालणारे) दोन रोल जास्तीचे घ्या आणि रोमटामेळ, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणारी मिरवणूक, आला की रस्त्याच्या कडेला न थांबता सरळ आत शिरा.