आठवत नाही, पण येतं

श्रोतेहो, नमस्कार.

अबोध मनाचा विषय निघाला की बोलणं लगेच दडपलेल्या इच्छांकडे वळतं. त्याला कारण मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड. १९०० सालच्या स्वप्नांवरील ग्रंथात त्यांनी मनाचे तीन स्तर मांडले. आत्ता माझा आवाज ऐकू येतोय, ही जाणीव बोध मनातली. काल रात्री काय जेवलात, हे विचारेपर्यंत मनात नव्हतं, विचारताच आठवलं. ते बोधपूर्व मन. आणि कितीही आठवा, वर येतच नाही ते अबोध. फ्रॉइड यांच्या मते, नकोसं असतं म्हणून मनच ते दाबून ठेवतं.

मला आज सांगायचंय ते, कुणीही न दाबलेल्या अबोधाबद्दल.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. फिट्स आटोक्यात याव्यात म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना एक काम दिलं. आपला हात फक्त आरशात पाहायचा आणि चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, हात हटकून उलटा जातो! तीन दिवसांत मोलेसन यांचा हात सफाईने फिरू लागला. पण हे आपण आधी केलंय, हे त्यांना एकदाही आठवलं नाही.

भीतीही अशीच शिकली जाते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये स्मृती गेलेल्या एका बाईंची हकीकत लिहिली. हस्तांदोलनाच्या वेळी क्लापारेद यांनी बोटांत टाचणी लपवली होती, ती बाईंना टोचली. (आज असा प्रयोग कुणी करू नये, करू देऊही नये.) बाई तो प्रसंग विसरल्या. पण पुन्हा हात पुढे आला, तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला.

एखादा वास, एखादा आवाज, आणि छातीत धडधडतं, अशी माणसं आपल्या आसपास असतात. ‘कारण सांग, नाहीतर हे सोंग आहे’ असं त्यांना कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. ते कारणच बोध मनापर्यंत पोचलं नसेल, तर ते सांगणार कसं? उपचारही त्यावाचून अडत नाहीत. भीती वाटते ती गोष्ट तज्ज्ञांच्या सोबतीने, सुरक्षितपणे, थोडी थोडी समोर आणली जाते, आणि मूळ प्रसंग आठवला नाही तरी अनेकांची भीती ओसरते.