टी.पी.आर.ची वही कोणाच्या हाती?

अध्यक्ष महोदया, अधिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका भगिनी, रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट येथे आलेल्या परिचारिका आणि परिचारक, आणि शेवटच्या रांगांत बसलेले विद्यार्थी मित्रहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘श्वेतपेशींचे विकार आणि रक्ताचे कर्करोग : परिचर्येची तत्त्वे’ असा छापला आहे. पाऊण तासात हा सगळा विषय मांडायचा, तर मला पाठ्यपुस्तकातील दोन प्रकरणे भरभर वाचून दाखवावी लागतील आणि ती आपण सर्वांनी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलेली आहेतच. म्हणून ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांकडे मी शेवटी येते. त्याआधी मला एका वहीविषयी बोलायचे आहे, टी.पी.आर.च्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदवहीविषयी. रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डात सर्वांत जबाबदारीचे काम ताप मोजण्याचे असते आणि नेमके तेच काम आपण सर्वांत कमी अनुभव असलेल्या हातांकडे सोपवतो, ही माझी जुनी तक्रार आहे.

हे काम एवढे मोठे का, ते आधी पाहू. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहसा न्यूट्रोफिल असतात. जंतू शिरला की प्रथम धावतात त्या याच. रिपोर्टवरचा एकूण आकडा पाहून समाधान मानू नये. एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल १५ टक्के असतील, तर प्रत्यक्ष लढणाऱ्या पेशी ३०० भरतात, आणि ५०० च्या खाली गेलेला रुग्ण गंभीर धोक्यात असतो. उलट ल्युकेमियाच्या एखाद्या रुग्णाच्या पेशी ८०,००० असतात, नातेवाईक आनंदाने सांगतात की सिस्टर, पेशी खूप वाढल्या, आता ताकद येईल. पण त्यांतील न्यूट्रोफिल एकच टक्का असतील, तर हाती ८०० उरतात आणि बाकीच्या अपक्व, निरुपयोगी असतात. हा गुणाकार डॉक्टरांनी करून सांगेपर्यंत थांबू नये. तो हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी सोपवण्याच्या, वेळी परिचारिकेने स्वतः करावा.

पेशी किती खाली गेल्या आणि किती दिवस खाली राहिल्या यावर संसर्गाचा धोका ठरतो, हे अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णांचे आकडे मांडून दाखवले. आज आपण ज्याला केमोनंतरचा ‘नादिर’, म्हणजे पेशींचा नीचांक, म्हणतो, तो बहुतेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान येतो. त्या दिवसांत रुग्णाचे शरीर खोटे बोलत नाही, पण ते फार थोडे बोलते. पू हा मुख्यतः न्यूट्रोफिलांचाच बनतो. त्या नसतील तर पू होत नाही. न्यूमोनिया असतो पण बेडका नसतो, आणि पहिला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. सेंट्रल लाइनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या, तोंडाशी जंतू असतात पण लाली नसते. गुदद्वाराजवळ गळू होत असते पण सूज दिसत नाही, रुग्ण फक्त बसताना कळवळतो आणि लाजेने कोणाला सांगत नाही. शिकताना आपण घोकलेली दाहाची सगळी लक्षणे एकेक करून गळून पडतात आणि उरतात दोनच, दुखणे आणि ताप. म्हणून ही वही महत्त्वाची.

येथे इतिहासाची एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. ल्युकेमियाची स्वतंत्र ओळख १८४५ मध्ये एडिंबराच्या बेनेट यांनी आणि बर्लिनच्या व्हिर्शो यांनी जवळजवळ एकाच वेळी पटवली, आणि १८४७ मध्ये व्हिर्शो यांनी त्याला हे नाव दिले. त्याच १८४७ मध्ये व्हिएन्नातील प्रसूतिगृहात सेमेलवाइस हे डॉक्टर विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावत होते. पुढे व्हिर्शो यांच्यासारख्या मातब्बराने सेमेलवाइस यांचे म्हणणे मानले नाही. आज आपल्या वॉर्डात व्हिर्शो यांनी नाव दिलेल्या आजाराचे रुग्ण सेमेलवाइस यांच्या सवयीवर जगतात. मोठ्या डॉक्टरांना हात धुण्याची आठवण करून देताना ज्यांची जीभ अडखळते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता तक्रार. मी नवीन असताना ज्या रुग्णालयात होते, त्याचे नाव घेत नाही. तुमच्यापैकी काही जणी ओळखतील आणि काही जणींना ते आपलेच वाटेल. पहाटे सहाचा टी.पी.आर. घेऊन झाला होता. इंचार्ज सिस्टरांनी वही उघडली. ओळीने ९८.४, ९८.४, ९८.६, पुन्हा ९८.४, नाडी ७८, श्वसन १८. सिस्टर एका ओळीवर थांबल्या, उठल्या आणि आम्हा सर्वांना त्या खाटेपाशी घेऊन गेल्या. खाटेवर घडी घातलेली चादर होती. रुग्णाला आदल्या संध्याकाळी सुट्टी मिळाली होती आणि तो एव्हाना एस.टी.ने गावी पोचला असावा. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “घरी गेलेल्या माणसाची नाडी येथून मोजणारी विद्यार्थिनी आपल्या वॉर्डाला लाभली आहे. हिची बदली करू नका, हिला संशोधनाला पाठवा.”

आपण हसलात, पण ती विद्यार्थिनी आळशी नव्हती. रात्री एवढ्या खाटा, दोन सलाइन संपत आलेले, एक रक्त चढत असलेले आणि एका रुग्णाला उलट्या होत असलेल्या. अशा वेळी ज्या कामाची कोणी कधी चौकशी करत नाही, ते काम हात आपोआप उरकतात. तो आकडा कोणी वाचणार नाही, हे आपणच तिला शिकवले होते. श्वसनाचे तर विचारूच नका. आपल्या वह्या पाहिल्या तर महाराष्ट्रातील यच्चयावत रुग्ण, मग तो हर्नियाचा असो की न्यूमोनियाचा, मिनिटाला १८ वेळाच श्वास घेतो. वास्तविक रक्तात जंतू पसरू लागले की श्वासाचा वेग फार लवकर वाढतो, कधी कधी रक्तदाब उतरण्याच्या कितीतरी आधी. घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट छाती मोजणे याला पर्याय नाही.

तापाचे आकडे सर्वांना पाठ असावेत. तोंडात मोजलेले तापमान एकदाच १०१ अंश फॅरनहाइट भरले, किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकले, आणि न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील किंवा पुढील दोन दिवसांत तेथे जाणार असतील, तर ती आणीबाणी समजावी. आपण बहुधा काखेत मोजतो आणि काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा कमी येतो, म्हणून काख कोरडी करून, हात छातीशी धरून, पूर्ण वेळ मोजावे आणि कोठे मोजले ते लिहावे. या रुग्णांच्या गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी यांपैकी काहीही घालू नये. तेथे चरा गेला तर तोच जंतूंचा दरवाजा होतो. शिवाय लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांना आणि मायलोमाच्या वृद्धांना स्टेरॉइड चालू असते. त्यांचा ताप दबलेला असतो. असे मूल नुसतेच मलूल झाले, खेळेनासे झाले, हातपाय गार पडले, तर वहीतील ९८.४ वर विश्वास ठेवू नये.

वॉर्डात मदतनीस असलेल्या एका मावशींची गोष्ट मी संधी मिळेल तेथे सांगते. विदर्भातील एका रुग्णालयात, ऐन मे महिन्यात, केमोनंतर दहा-बारा दिवस झालेल्या एका तरुणाने दुपारी त्यांच्याकडे दुसरे ब्लँकेट मागितले. मावशींनी ते दिले आणि लगेच येऊन सांगितले, “सिस्टर, बाहेर एवढं ऊन पेटलंय, पंखे पुरत नाहीत, अन् ते पोरगं दोन ब्लँकेटं मागतंय.” तेव्हा काखेत ९९.६ भरले होते. ड्युटीवरच्या परिचारिकेने रेसिडेंट डॉक्टरांना बोलावले, पुढच्या अर्ध्या तासात दात वाजू लागले आणि ताप १०२ वर गेला. पण तोवर कल्चर, म्हणजे जंतू शोधण्यासाठीचे रक्त, काढून अँटिबायोटिकची पहिली मात्रा सुरू झालेली होती. पुढे रक्तात क्लेबसिएला हा जंतू निघाला. तो तरुण चालत घरी गेला. आपण परिसंवाद भरवतो ते परिचारिकांचे आणि डॉक्टरांचे. मावशी आणि मामा यांना अर्धा तास बसवून ‘थंडी वाजते म्हणाला की आधी आम्हाला सांगा’ एवढे शिकवण्यास कोणताही निधी लागत नाही.

दुसरी तक्रार पॅरासिटामॉलची. केसपेपरवर ‘एस.ओ.एस.’, म्हणजे गरज पडल्यास, असे लिहिलेले असते, ताप येतो, गोळी दिली जाते, ताप उतरतो, वहीत उतरलेला आकडा चढतो आणि सकाळच्या फेरीत सर्व काही ठीक दिसते. या वॉर्डात गोळीने ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत. आधी कळवायचे, कल्चर काढायचे, अँटिबायोटिक लावायचे आणि मग सोयीसाठी गोळी द्यायची. ताप नोंदल्यापासून ६० मिनिटांच्या आत अँटिबायोटिकची पहिली मात्रा शिरेतून गेली पाहिजे, हे आता सर्वमान्य आहे. हा तास कोठे जातो, ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात असतात, कल्चरच्या बाटल्या कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर असते. मग चिठ्ठी घेऊन नातेवाईक औषध आणायला रस्त्यापलीकडच्या दुकानात जातो आणि तेथे सुटे पैसे नसतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे आधीच लिहून, सही करून ठेवलेला आदेश आणि तयार पेटी. पेटीत कल्चरच्या बाटल्यांचे दोन संच, इंट्राकॅथ (शिरेत घालायची नळी), सलाइन आणि युनिटने ठरवलेल्या अँटिबायोटिकची, मग ते पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम असो वा सेफेपाइम, पहिली मात्रा असावी. रक्ताचा नवा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नये. शीर मिळत नाही म्हणून कल्चर अडले, तर औषधही अडवू नये.

घरी गेलेल्या रुग्णाची वही तर कोणाच्याच हाती नसते. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी कितीतरी कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, आणि उरलेली दोन केमोंच्या मधल्या दिवसांत बीडला, गोंदियाला, सावंतवाडीला जातात. तेथे ताप आला की जवळचे डॉक्टर मायेने कमरेत एक सुई देतात. प्लेटलेट कमी असलेल्या माणसाला स्नायूत दिलेली ती सुई रक्ताची गाठ करते आणि त्या गाठीत जंतू शिरतात. म्हणून सुट्टीच्या कागदाला मराठीत लिहिलेले, त्या अनोळखी डॉक्टरांना उद्देशून असलेले एक कार्ड जोडावे: हा रुग्ण केमोवर आहे, १००.४ च्या पुढे ताप ही आणीबाणी आहे, स्नायूत सुई देऊ नये, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करून पाठवावे. आणि घरी चालणारे थर्मामीटर आहे का, हे विचारल्याशिवाय सुट्टी देऊ नये.

खाण्याबद्दल प्रश्न येणारच, म्हणून एवढेच सांगते. कच्चे काहीच न देण्याच्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात, असे अभ्यासांतून ठोसपणे दिसलेले नाही. ताजे शिजवलेले, झाकलेले, स्वच्छ हातांनी दिलेले अन्न आणि धुऊन सोललेले फळ यावर भर द्यावा. आईने केलेल्या डब्याला नाक मुरडण्यापेक्षा तो किती वाजता केला, ते विचारावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेतला विषय आता धावत सांगते. तीव्र ल्युकेमियात पेशी १,००,००० च्या पुढे असतील, तर धाप, गुंगी आणि धूसर दिसणे यांवर लक्ष ठेवावे, आणि अशा रुग्णाला घाईने लाल पेशी चढवण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा विचारावे, कारण रक्त आणखी दाट होते. उपचार सुरू झाल्यावर पेशी एकदम फुटतात; पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल वाढते, कॅल्शियम घटते, म्हणून लघवीचे माप तासागणिक हवे. ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक प्रकारात पहिले दिवस रक्तस्रावाचे असतात. हिरडीतून, लघवीतून येणारे रक्त किंवा नवी डोकेदुखी यांसाठी सकाळच्या फेरीची वाट पाहू नये. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचे औषध चुकून पाठीच्या कण्यात गेले तर जवळजवळ नेहमी मृत्यू येतो, म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतूनच द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे. सिरिंज हातात आली तर परत पाठवण्याचा अधिकार आपला आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला इमॅटिनिबच्या गोळ्यांवर इतके बरे वाटते की तो गोळ्याच सोडतो, त्यामुळे प्रत्येक भेटीत गोळ्यांची पाकिटे मोजावी. लिम्फोमात रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्के घटलेले वजन यांची विचारपूस परिचारिकेनेच चांगली करावी, कारण नाइटड्रेस बदलावा लागतो का, हे रुग्ण डॉक्टरांना सांगत नाही. मायलोमात हाडे ठिसूळ असतात. दोघांनी मिळून कूस बदलावी, पाणी भरपूर द्यावे आणि मूत्रपिंडासाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके दूर ठेवावीत.

राहिली कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत बदलून त्याला परत देण्याचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, त्यामुळे हे रुग्ण आता आपल्याही वॉर्डात येतील. त्यांचा ताप जंतूंचा असू शकतो किंवा पेशींनी उठवलेल्या वादळाचा असू शकतो, आणि पहिल्या तासात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून दोन्हींची तयारी ठेवावी लागते. मेंदूवरचा परिणाम ओळखण्यासाठी रुग्णाला दिवस, ठिकाण, वस्तूंची नावे विचारतात, शंभरापासून दहा-दहाने उलटे मोजायला लावतात आणि रोज एक ठरावीक वाक्य लिहून घेतात. ते वाक्य रुग्णाच्या स्वतःच्या भाषेतले, पेशी देण्यापूर्वीच त्याच्या हातून लिहून घेतलेले असावे, आणि रोजचा कागद कालच्या कागदाशेजारी लावून पाहावा. अक्षर हलले, शब्द गळला, तर त्याच क्षणी डॉक्टरांना फोन करावा. प्रश्नांसाठी पाच मिनिटे उरली आहेत, ती मी वापरत नाही.