आधी कान, मग पाटी

(दृश्य: कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं एक गाव. उसाच्या फडाला लागून अंगणवाडी. मुलं गोल करून बसलेली.)

"पोळीला जुळणारा शब्द कोण सांगणार?" ताई विचारतात. होळी. गोळी. टोळी. तेवढ्यात मागनं चार वर्षांचा एक पोरगा उठतो आणि ओरडतो, "मोळी!" सध्या ऊसतोड सुरू आहे. बापाच्या डोक्यावरची मोळी तो रोज बघतो.

या पोराला अजून 'म' काढता येत नाही. तरी त्याच्या वाचनाची सुरुवात झाली आहे. पहिला आवाज बदलला की शब्द बदलतो, हे त्याच्या कानाला कळलंय. उद्या पाटीवर 'म' दिसेल, तेव्हा त्याचा आवाज ओळखीचाच असेल. हे आवाज सुटे ऐकू येत नसतील, तर बाराखडी तोंडपाठ असूनही मूल शब्दापाशी अडतं.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज इथल्या पालकांना तशी सक्ती लागत नाही. उलट तीन वर्षांच्या लेकराकडून पानभर अक्षरं गिरवून घेतली जातात. त्यामागची काळजी खरी आहे. पण या वयात मनगटातली सगळी हाडंही तयार झालेली नसतात! म्हणून या अंगणवाडीत मुलं वाटाणे सोलतात, माती मळतात, खडूनं फरशीवर मनसोक्त रेघोट्या ओढतात.

एक पोरगी सांगते, "ताई, मी काल आज्जीसंगं रंकाळ्याला गेलतो." कोल्हापुरात आया-आज्ज्या असंच बोलतात, आणि ताई तिला मध्येच सुधारत नाहीत. "मग काय खाल्लंस?" म्हणतात. "भेळ!" ताई तिचं वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहितात आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचतात. आपण बोललो ते तिथं उमटलंय, हे बघून पोरगी फळ्याजवळ सरकते. स्वतःच बोट ठेवून "रंकाळा" म्हणते.

पालकसभेत ताई सांगतात, केएमटी बसच्या पाट्या वाचून दाखवा, पोरीच्या नावातलं अक्षर दुकानाच्या बोर्डावर हुडकायला लावा. तिची आज्जी विचारते, "मला वाचाय येत न्हाई, मी काय करू?"

"गोष्ट सांगा की, आज्जी. रोज तीच सांगितली तरी चालतंय. फक्त मध्येच थांबा आणि पुढं काय झालं, ते तिलाच विचारा."